मिलराइट चळवळ

येशू ख्रिस्ताचे पृथ्वीवर पुनरागमन १८४३ च्या सुमारास होणार, या श्रद्धेवर उभारलेली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक धार्मिक चळवळ. विल्यम मिलर (१५ फेब्रुवारी १७८२–२० डिसेंबर १८४९) या शेतकरी धर्मोपदेशकाच्या नावावरून तिला हे नाव मिळाले. १८४० ते १८४४ या काळात ईशान्येकडील राज्यांत तिचा झपाट्याने प्रसार झाला. २२ ऑक्टोबर १८४४ हा पुनरागमनाचा अखेरचा दिवस म्हणून निश्चित करण्यात आला होता. तो इतर दिवसांसारखाच मावळला. त्यामुळे हजारो श्रद्धावंतांवर जो आघात झाला, तो ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात ‘महानिराशा’ या नावाने ओळखला जातो. ख्रिस्ताच्या येण्याचा दिवस गणिताने काढण्याचे प्रयत्न त्यापूर्वी झाले होते व त्यानंतरही झाले. परंतु इतक्या उघडपणे मांडलेले, इतक्या लोकांनी स्वतः पडताळून पाहिलेले आणि इतक्या निर्विवादपणे फसलेले गणित क्वचितच आढळते. गणित फसल्यानंतर त्यावर विसंबलेल्या श्रद्धेचे काय होते, हा प्रश्न या चळवळीच्या इतिहासात मध्यवर्ती आहे.

पूर्वपरंपरा : ख्रिस्त पुन्हा येईल, ही श्रद्धा ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी आहे. ⇨बायबलच्या नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या प्रारंभी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाबरोबरच त्याच्या परत येण्याचे आश्वासन दिलेले आहे. संत पॉलने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रावरून असे दिसते, की पहिल्या पिढीतील ख्रिस्ती लोक ही घटना आपल्या हयातीतच घडेल असे मानीत होते. कारण मध्यंतरी मरण पावलेल्या आप्तांचे काय होणार, ही चिंता त्यांना भेडसावीत होती. मत्तयकृत शुभवर्तमानात मात्र तो दिवस व ती घटका कोणालाही ठाऊक नाही, असे बजावलेले आहे. येण्याची खात्री आणि वेळेविषयीचे अज्ञान या दोन गोष्टी अशा प्रकारे प्रारंभापासूनच एकत्र नांदत आल्या. त्यांपैकी पहिल्या गोष्टीच्या ओढीने दुसरीची मर्यादा ओलांडण्याचा मोह वेळोवेळी अनेकांना झाला.

प्रकटीकरण या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात ख्रिस्ताच्या सहस्रवर्षीय राज्याचा उल्लेख आहे. त्याच्या अर्थाविषयी मुख्यतः तीन मते प्रचलित झाली. हे राज्य स्थापण्यासाठी ख्रिस्त आधी प्रत्यक्ष येईल व त्यानंतर हजार वर्षांचा कालखंड सुरू होईल, हे पहिले मत. धर्मप्रसार व समाजसुधारणा यांच्या योगे मानवच ते सुवर्णयुग घडवील व त्याच्या अखेरीस ख्रिस्त येईल, हे दुसरे. आणि हजार वर्षे हा आकडा केवळ प्रतीकात्मक असून ते राज्य म्हणजे चर्चचा चालू कालखंडच होय, हे तिसरे. तिसऱ्या मताची समर्थ मांडणी संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने द सिटी ऑफ गॉड या ग्रंथात केली आणि पश्चिम यूरोपात ते दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. चौथ्या शतकातील श्रद्धासूत्रात ख्रिस्त जिवंतांचा व मृतांचा न्याय करण्यास पुन्हा येईल हे कलम समाविष्ट झाले. परंतु केव्हा येईल, याविषयी ते मौन पाळते.

हे मौन मोडण्याचे प्रसंगही घडत राहिले. दुसऱ्या शतकात आशिया मायनरमधील फ्रिजिया प्रांतात माँटेनसच्या अनुयायांनी स्वर्गीय जेरूसलेम आपल्याच प्रदेशात अवतरेल अशी प्रतीक्षा केली. इटलीतील मठाधिपती जोआकीम ऑफ फ्लोरा (सु. ११३५–१२०२) याने इतिहासाची तीन युगांत विभागणी केली. तिच्या आधारे पुढील पिढ्यांनी १२६० मध्ये नव्या युगाचा प्रारंभ होईल असे मानले. १५३४–३५ मध्ये जर्मनीतील म्यून्स्टर शहर ताब्यात घेऊन तेथे ईश्वरी राज्य स्थापण्याचा ॲनाबॅप्टिस्टांचा प्रयत्न रक्तपाताने संपुष्टात आला. प्रॉटेस्टंट पंथांत बायबल सामान्य माणसाच्या हाती आल्यावर भविष्यकथनात्मक ग्रंथांच्या अभ्यासाला वेगळे वळण लागले. यहेज्केल व गणना या ग्रंथांतील उल्लेखांच्या आधारे भविष्यवाणीतील एक दिवस म्हणजे एक वर्ष, असा नियम रूढ झाला आणि दानीएल व प्रकटीकरण या ग्रंथांतील आकड्यांची प्रत्यक्ष इतिहासातील सनावळ्यांशी सांगड घातली जाऊ लागली. हा उद्योग केवळ अल्पशिक्षितांचा नव्हता. आयझॅक न्यूटनचे या दोन ग्रंथांवरील भाष्य त्याच्या मृत्यूनंतर १७३३ मध्ये प्रसिद्ध झाले. जर्मन बायबलपंडित योहान आल्ब्रेक्ट बेंगेल (१६८७–१७५२) याने सहस्रवर्षीय राज्याच्या प्रारंभासाठी १८३६ हे वर्ष काढले होते.

फ्रेंच राज्यक्रांतीने या अभ्यासाला तातडीचे स्वरूप दिले. फेब्रुवारी १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने रोम घेतले व पोप सहावा पायस यास बंदिवान केले. दानीएलमधील ‘साडेतीन काळ’ म्हणजे १,२६० वर्षे असे धरून व त्यांचा प्रारंभ ५३८ मध्ये मानून अनेक भाष्यकारांनी या घटनेत भविष्यवाणीची पूर्ती पाहिली. एक आकडा अचूक ठरला असेल, तर उरलेलेही ठरतील, असा विश्वास त्यामुळे दृढ झाला. इंग्लंडमध्ये एडवर्ड अर्व्हिंग (१७९२–१८३४) याने चिलीतील जेझुइट धर्मगुरू मान्वेल लाकून्सा याच्या पुनरागमनविषयक ग्रंथाचा अनुवाद १८२७ मध्ये प्रसिद्ध केला. जन्माने ज्यू असलेला मिशनरी जोझेफ वुल्फ (१७९५–१८६२) याने मध्य आशियातून हिंदुस्थानात येऊन १८३२–३३ मध्ये येथे दूरवर प्रवास केला. त्या प्रवासात तो गोवा व मुंबई येथेही आला होता. ख्रिस्त १८४७ मध्ये येईल, असे तो सांगत असे. मिलरची कल्पना अशा रीतीने त्या काळाच्या वातावरणात एकाकी नव्हती.

मिलर व त्याचे गणित : मिलरचा जन्म मॅसॅचूसेट्स राज्यातील पिट्सफील्ड येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. त्याचे बालपण न्यूयॉर्क राज्यातील लो हॅम्प्टन येथे गेले. औपचारिक शिक्षण अल्प असले, तरी त्याचे वाचन अफाट होते. १८०३ मध्ये विवाहानंतर तो व्हरमाँटमधील पोल्टनी येथे राहू लागला. तेथे व्हॉल्तेअर, ह्यूम, टॉमस पेन इत्यादींच्या लेखनाच्या प्रभावाने त्याने बाप्टिस्ट पंथाची घरची श्रद्धा सोडली. ईश्वराने विश्व निर्मिले. परंतु तो मानवी व्यवहारात हस्तक्षेप करीत नाही, हे मत त्याने स्वीकारले. १८१२ च्या ब्रिटिश-अमेरिकन युद्धात तो कॅप्टन होता. ११ सप्टेंबर १८१४ रोजी प्लॅट्सबर्ग येथे बलाढ्य ब्रिटिश सैन्यावर अमेरिकनांना अनपेक्षित विजय मिळाला. तोफगोळ्यांच्या माऱ्यातून आपण वाचलो, ही गोष्ट त्याच्या मनात घर करून राहिली आणि ईश्वर अलिप्त आहे या मताविषयी त्याला शंका येऊ लागली. १८१६ मध्ये तो बाप्टिस्ट पंथात परतला. जुन्या मित्रांनी बायबलमधील विसंगतींवर बोट ठेवले, तेव्हा त्याने त्या ग्रंथाचा प्रारंभापासून पदशः अभ्यास आरंभिला. जवळ क्रूडेनचा शब्दसंदर्भकोश तेवढा ठेवावयाचा, एका वचनाचा अर्थ दुसऱ्या वचनावरून लावावयाचा व तो लागल्याशिवाय पुढे जावयाचे नाही, अशी त्याची पद्धती होती.

दोन वर्षांच्या अभ्यासानंतर १८१८ मध्ये तो ज्या निष्कर्षास पोहोचला, त्याचा मुख्य आधार दानीएलच्या आठव्या अध्यायातील वचन हा होता. दोन हजार तीनशे दिवसांनंतर पवित्रस्थानाची शुद्धी होईल, असा त्याचा आशय आहे. मिलरने दिवसांची वर्षे केली; ‘पवित्रस्थान’ म्हणजे पृथ्वी व ‘शुद्धी’ म्हणजे ख्रिस्ताच्या येण्याबरोबर होणारे तिचे अग्नीने शुद्धीकरण, असा अर्थ लावला. या कालावधीच्या प्रारंभासाठी त्याने इ. स. पू. ४५७ हे वर्ष घेतले. त्या वर्षी इराणचा सम्राट आर्टक्सर्क्सीस याने एज्राला जेरूसलेमला जाण्याची आज्ञा दिली, असे मानले जाते. दानीएलच्या नवव्या अध्यायातील सत्तर सप्तके म्हणजे ४९० वर्षे तेथूनच मोजली, तर इ. स. ३३ हे वर्ष येते. तेच ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाचे वर्ष, असे मिलर धरीत असे. २,३०० मधून ४९० वजा जाता उरलेली १,८१० वर्षे ३३ मध्ये मिळविली, की १८४३ हे वर्ष मिळते. पुढे याच हिशेबात एक त्रुटी आढळून आली. इ. स. पू. १ नंतर लगेच इ. स. १ येते; मध्ये शून्य हे वर्ष नाही. ती दुरुस्ती केल्यावर बेरीज १८४४ वर जाते.

आधुनिक बायबलचिकित्सेच्या दृष्टीने दानीएलमधील हा उल्लेख इ. स. पू. दुसऱ्या शतकातील घटनांशी संबंधित आहे. सिरियाचा राजा चौथा अँटायओकस याने इ. स. पू. १६७ मध्ये जेरूसलेमचे मंदिर भ्रष्ट केले व सु. तीन वर्षांनी त्याची पुनःप्रतिष्ठा झाली, या घटनांचा तो निर्देश होय, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. मिलरची दृष्टी मात्र त्याच्या काळातील अमेरिकन प्रॉटेस्टंट पंथीयांना परिचित अशीच होती. दिवस म्हणजे वर्ष हा नियम त्याच्या अनेक विरोधकांनाही मान्य होता; त्यामुळे सामान्य श्रोता मिलरचे गणित घरी जाऊन स्वतःच्या बायबलवरून ताडून पाहू शकत असे. त्याच्या आकर्षणाचे रहस्य मुख्यतः येथेच होते. मिलरने स्वतःस साक्षात्कार झाल्याचे कधीही सांगितले नाही. आपले म्हणणे बेरीज-वजाबाकीवर उभे आहे, असे तो म्हणत असे.

प्रसार : निष्कर्ष हाती आल्यानंतरही तो तपासून पाहण्यात मिलरने अनेक वर्षे घालविली. त्याचे पहिले जाहीर व्याख्यान ऑगस्ट १८३१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ड्रेस्डेन येथे झाले. १८३३ मध्ये बाप्टिस्ट पंथाने त्यास धर्मोपदेशाचा परवाना दिला आणि १८३६ मध्ये त्याच्या व्याख्यानांचे पुस्तक निघाले. त्याच सुमारास आकाशातील काही घटनांनीही लोकांची मने या विषयाकडे वळविली. १३ नोव्हेंबर १८३३ च्या पहाटे सिंह राशीतून झालेला प्रचंड उल्कावर्षाव व मार्च १८४३ मध्ये दिसलेला मोठा धूमकेतू यांना अनेकांनी शेवटच्या काळाची चिन्हे मानले.

खेड्यापाड्यांपुरते मर्यादित असलेले हे कार्य देशव्यापी केले, ते बॉस्टन येथील धर्मोपदेशक जोशुआ हाइम्स (१८०५–९५) याने. १८३९ मध्ये त्याची व मिलरची गाठ पडली. हाइम्स हा गुलामगिरीविरोधी चळवळीत मुरलेला कार्यकर्ता होता. सभा भरविणे, वृत्तपत्रे काढणे, निधी जमविणे या कामांत तो वाकबगार होता. मार्च १८४० मध्ये त्याने साइन्स ऑफ द टाइम्स हे नियतकालिक बॉस्टन येथे सुरू केले. नोव्हेंबर १८४२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये द मिडनाइट क्राय हे पत्र निघाले. १८४२ मध्ये चार्ल्स फिच व अपोलस हेल यांनी दानीएल व प्रकटीकरण यांतील पशू, मूर्ती व आकडे एकाच चित्रपटावर मांडले. त्याच्या शिळाछापाच्या प्रती घेऊन वक्ते गावोगाव हिंडू लागले. त्याच उन्हाळ्यापासून मोकळ्या मैदानांवर शिबिरसभा भरू लागल्या. त्यांसाठी सु. चार हजार श्रोते मावतील असा एक प्रचंड तंबूही तयार करण्यात आला. अनुयायांची संख्या मिलरच्या मते पन्नास हजार होती. इतर अंदाज एक लाखापर्यंत किंवा त्याहूनही पुढे जातात. त्यांत बाप्टिस्ट, मेथडिस्ट, प्रेसबिटेरियन इ. पंथांचे लोक होते व प्रारंभी कोणी आपला पंथ सोडला नव्हता.

या यशामागे सामाजिक कारणेही होती. १८२५ मध्ये एरी कालवा पुरा झाल्यावर न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात झपाट्याने वस्ती वाढली. तेथे धर्मजागृतीच्या एकामागून एक लाटा येऊन गेल्या. १८३७ च्या आर्थिक अरिष्टात बँका बुडाल्या, शेतमालाचे भाव कोसळले आणि प्रगतीने सुवर्णयुग येईल या आशावादाला तडा गेला. जोझेफ स्मिथचा मॉर्मन पंथ व विविध समाजसुधारणा चळवळी याच भूमीत फोफावल्या. तथापि मिलराइट लोक केवळ दारिद्र्याने गांजलेले किंवा समाजाबाहेर फेकलेले होते, असे म्हणता येत नाही. व्हिटनी क्रॉस या इतिहासकाराने १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ते आपल्या शेजाऱ्यांहून फारसे निराळे नव्हते, असे दाखवून दिले आहे.

महानिराशा : मिलर नेमका दिवस सांगण्यास नाखूष असे. अनुयायांच्या आग्रहावरून त्याने २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ हे ‘ज्यू वर्ष’ मर्यादा म्हणून सांगितले. याच सुमारास विरोध वाढू लागला. काही चर्चनी मिलराइट सभासदांना वगळले, तर १८४३ च्या उन्हाळ्यात फिचने अशा चर्चमधून बाहेर पडा, असे आवाहन केले. मार्च १८४४ मध्ये मुदत संपली. कॅराइट या ज्यू पंथाच्या कालगणनेनुसार धरलेली १८ एप्रिल ही तारीखही गेली. मिलरने चूक मान्य केली. परंतु पुनरागमन नजीक आहे, हा विश्वास सोडला नाही.

ऑगस्ट १८४४ मध्ये न्यू हॅम्पशरमधील एक्सेटर येथील शिबिरसभेत सॅम्युएल स्नो याने एक नवे प्रतिपादन केले. जुन्या करारातील लेवीय या ग्रंथानुसार पवित्रस्थानाची शुद्धी प्रायश्चित्ताच्या दिवशी, म्हणजे सातव्या महिन्याच्या दशमीस होत असे. ख्रिस्ताचे क्रूसारोहण वल्हांडणाच्या सणाला झाले. त्याअर्थी त्याचे येणेही या सणाला अनुसरून होणार. प्रचलित ज्यू पंचांगाप्रमाणे त्या वर्षी हा दिवस २३ सप्टेंबरला पडत होता. कॅराइट गणनेप्रमाणे तो २२ ऑक्टोबरला येई. स्नोने दुसरी गणना स्वीकारली. पूर्वी एक वर्षभराची सैल मर्यादा होती, तेथे आता एकच दिवस आला. ही वार्ता वणव्यासारखी पसरली. चळवळीच्या पुढाऱ्यांनी नव्हे, तर सामान्य अनुयायांनीच ती प्रथम उचलली. हाइम्स व मिलर यांनी ती ऑक्टोबरच्या प्रारंभी मान्य केली.

त्यानंतरच्या आठवड्यांत अनेक शेतकऱ्यांनी उभी पिके कापली नाहीत. बटाटे जमिनीतच राहू दिले. पिके काढणे म्हणजे आपल्याच शब्दावर अविश्वास दाखविणे होय, असे त्यांना वाटले. दुकाने बंद झाली, जुनी कर्जे फेडली गेली, पूर्वीच्या अपराधांची कबुली देऊन क्षमा मागितली गेली. फिचने बफालो येथे थंड वाऱ्यात अनेकांना बाप्तिस्मा दिला. त्यात तो आजारी पडला व १४ ऑक्टोबर रोजी मरण पावला. त्याच्या सहधर्मीयांच्या समजुतीप्रमाणे ही ताटातूट आठच दिवसांची होती.

२२ ऑक्टोबर रोजी श्रद्धावंत घरोघरी व सभागृहांत जमले. दिवस गेला, मध्यरात्रही उलटली. काहीही घडले नाही. पोर्ट गिब्सन येथील हायरम एडसन या शेतकऱ्याने पुढे लिहिलेल्या आठवणींत पहाट होईपर्यंत आपण सर्व रडत राहिल्याचे सांगितले आहे. आप्तांच्या मृत्यूहूनही हे दुःख मोठे होते, असे अनेकांनी नमूद केले. पिके गमावलेल्यांपुढे हिवाळा उभा होता. गरजूंच्या साहाय्यासाठी हाइम्सला समित्या नेमाव्या लागल्या. शेजाऱ्यांच्या कुचेष्टेला सीमा राहिली नाही. काही ठिकाणी जमावांनी सभागृहांवर हल्लेही केले. श्वेत झगे घालून अनुयायी डोंगरांवर व झाडांवर चढून बसले होते, अशा कथा वृत्तपत्रांनी रंगविल्या व १९२४ मध्ये क्लॅरा सीअर्सच्या डेज ऑफ डिल्यूझन या पुस्तकाने त्यांना पुन्हा उजाळा दिला. १९४४ मध्ये फ्रान्सिस निकल या ॲडव्हेंटिस्ट लेखकाने समकालीन साधने तपासून या झग्यांच्या कथांना विश्वसनीय पुरावा नसल्याचे दाखविले. मिलरवादामुळे वेड लागते, हा त्या काळातील समजही वैद्यकीय नियतकालिकांपर्यंत पोहोचला होता.

परिणाम व शाखा : निराशेनंतर अनुयायांपुढे मोजकेच मार्ग होते. गणित चुकले असे म्हणावे, तर इतका काळ दिलेला पुरावा खोटा ठरत होता. गणित बरोबर म्हणावे, तर ख्रिस्त आला कोठे, याचे उत्तर द्यावे लागत होते. अनेकजण आपापल्या जुन्या चर्चमध्ये परतले, काहींनी धर्मच सोडला, तर काही शेकर पंथाला मिळाले. जे टिकून राहिले, त्यांच्यात फूट पडली. एप्रिल-मे १८४५ मध्ये ऑल्बनी येथे मिलर व हाइम्स यांच्या नेतृत्वाखाली परिषद भरली. २२ ऑक्टोबरचे गणित चुकीचे होते, परंतु पुनरागमन प्रत्यक्ष व नजीक आहे, ही तिची भूमिका होती. या गटातूनच पुढे १८६० मध्ये ॲडव्हेंट ख्रिश्चन चर्च उदयास आले. मिलरला त्याच्या गावच्या बाप्टिस्ट चर्चने जानेवारी १८४५ मध्ये वगळले होते. त्याच वर्षी त्याने एक निवेदन प्रसिद्ध करून आपल्या चुका स्वीकारल्या. यानंतर त्याने नवी तारीख सांगितली नाही. लो हॅम्प्टन येथे त्याने अनुयायांसाठी उभारलेले छोटे प्रार्थनामंदिर आजही आहे.

दुसऱ्या गटाने तारीख कायम ठेवून घटनेचा अर्थ बदलला. एडसनला २३ ऑक्टोबरच्या सकाळी शेतातून जाताना असे स्फुरले, की शुद्ध व्हावयाचे पवित्रस्थान पृथ्वी नसून स्वर्गातील आहे व त्या दिवशी ख्रिस्ताने तेथील अंतर्गृहात प्रवेश करून आपल्या कार्याचा अखेरचा टप्पा आरंभिला. हा विचार ओवेन क्रोझियर याने लेखरूपाने १८४६ मध्ये मांडला. जोझेफ बेट्स (१७९२–१८७२) याने शनिवारच्या शब्बाथपालनाची त्याला जोड दिली. एलेन हार्मन (१८२७–१९१५) या मेन राज्यातील तरुणीस डिसेंबर १८४४ पासून दृष्टान्त होऊ लागले; १८४६ मध्ये जेम्स व्हाइटशी विवाह झाल्यावर ती एलेन व्हाइट या नावाने प्रसिद्धीस आली. या गटाने १८६० मध्ये ‘सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट’ हे नाव घेतले व २१ मे १८६३ रोजी मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे त्याची रीतसर संघटना झाली. त्या वेळी सु. साडेतीन हजार सभासद असलेल्या या पंथाची जगातील सभासदसंख्या एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दोन कोटींहून अधिक आहे.

या स्थित्यंतराचे दोन परिणाम लक्षणीय आहेत. १८४४ ची घटना स्वर्गात गेल्यामुळे ती डोळ्यांनी पडताळून पाहण्याचा प्रश्न उरला नाही. ज्या उघड कसोटीवर चळवळ उभी होती, ती कसोटीच बाजूला पडली. त्याचबरोबर २,३०० वर्षांचा काळ संपला असल्याने पुढील तारीख काढण्यास आधार राहिला नाही. पुनरागमन नजीक आहे. परंतु त्याचा दिवस सांगता येत नाही, या मत्तयकृत शुभवर्तमानातील मर्यादेशी पंथ अशा रीतीने परत आला. अनिश्चित काळ वाट पाहावयाची, तर मुलांच्या शिक्षणाची व आजाऱ्यांच्या सेवेची व्यवस्था करणे प्राप्तच होते. ज्यांनी १८४४ मध्ये पिके कापली नव्हती, त्यांच्या वारसांनी शाळा, छापखाने व रुग्णालये उभारली. १८६६ मध्ये बॅटल क्रीक येथे सुरू झालेली आरोग्यसंस्था व पुढे डॉ. जॉन हार्वी केलॉग याने तिचा केलेला विस्तार हे याचे ठळक उदाहरण होय.

भारतात या पंथाचे ग्रंथविक्रेते १८९३ मध्ये मद्रास (चेन्नई) येथे उतरले व १८९५ मध्ये जॉर्जिया बरस ही मिशनरी कलकत्त्यास आली. विल्यम स्पायसर याने १८९८ पासून काही वर्षे येथे संपादनाचे काम केले. १९२२ ते १९३० या काळात तो या पंथाच्या जागतिक संघटनेचा अध्यक्ष होता. महाराष्ट्रात पुणे हे पंथाचे महत्त्वाचे केंद्र बनले. तेथील सॅलिसबरी पार्क भागात पंथाचे छापखान्याचे कार्य व दक्षिण आशिया विभागाचे मुख्यालय दीर्घकाळ होते. हे मुख्यालय पुढे तमिळनाडूतील होसूर येथे हलविण्यात आले. १९१५ मध्ये कोईमतूर येथे लहान प्रमाणात सुरू झालेली व पुढे स्पायसरचे नाव लाभलेली शिक्षणसंस्था १९४२ मध्ये पुण्यात आली. महाराष्ट्र विधिमंडळाच्या २०१४ च्या अधिनियमाने तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

अन्य पंथांवरही मिलरवादाचा प्रभाव पडला. चार्ल्स टेझ रसेल (१८५२–१९१६) याने तरुणपणी ॲडव्हेंटिस्ट उपदेशकांपासून कालगणनेची प्रेरणा घेतली. ख्रिस्त १८७४ मध्ये अदृश्य रूपाने आला असून १९१४ मध्ये राष्ट्रांचा काळ संपेल, असे त्याने प्रतिपादिले. त्याच्या अनुयायांतून निघालेल्या व १९३१ मध्ये ‘जेहोवाज विटनेसेस’ हे नाव घेतलेल्या पंथात पुढे १९१४ हेच वर्ष ख्रिस्ताच्या अदृश्य राज्यारोहणाचे मानले जाऊ लागले; १९२५ व १९७५ या वर्षांभोवतीही त्यांच्यात अपेक्षा निर्माण झाल्या व मावळल्या. इराणमध्ये शीराझ येथे मे १८४४ मध्ये बाबने आपले कार्य घोषित केले. बहाई लेखक त्या घटनेतच दानीएलच्या २,३०० दिवसांची पूर्ती पाहतात.

मूल्यमापन : लिऑन फेस्टिंगर व त्याचे सहकारी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्हेन प्रॉफेसी फेल्स या ग्रंथात मिलराइट इतिहासाचा दाखला दिला आहे. श्रद्धेपायी माणसाने परत न फिरविता येणारी कृती केली असेल, तर विरुद्ध पुरावा समोर येऊनही तो ती श्रद्धा अधिकच जोमाने धरतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. या ग्रंथातील क्षेत्राभ्यासाच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली. मिलराइटांचा इतिहासही त्या सिद्धांतात पूर्णपणे बसत नाही. मार्च १८४४ नंतर उत्साह वाढला, हे खरे. परंतु ऑक्टोबरनंतर बहुसंख्य अनुयायी पांगले आणि प्रमुख प्रवर्तकाने चूक कबूल केली. श्रद्धा टिकली, ती छोट्या गटांत व नवा अर्थ स्वीकारून.

मिलरला भोंदू किंवा वेडा ठरविणारे त्याचे समकालीन आणि त्याला सत्याचा अग्रदूत मानणारे काही अनुयायी या दोघांचेही चित्रण एकांगी आहे. त्याची साधने प्रामाणिक होती व त्याने ती लोकांसमोर उघडी ठेवली होती. ज्या ग्रंथाच्या वचनांवर त्याची श्रद्धा होती, त्याच ग्रंथातील दिवस व घटका अज्ञात असल्याचे वचन त्याच्या हिशेबात मागे पडले, हे त्याच्या चुकीचे मूळ होय. नेमक्या तारखेने मिलराइटांना विलक्षण एकजूट व धैर्य दिले आणि तीच तारीख त्यांच्या विनाशास कारण झाली. त्यानंतर टिकून राहिलेल्या पंथांपैकी ज्यांना दिनांकाविना वाट पाहणे साधले, त्यांनाच स्थैर्य लाभले.